काली शहरात गाणं लवकर संपतं

दॉन फेरमीन यांना पनामाहून बोलावण्याची कल्पना माझी. ती सुचली तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो, हे मुद्दाम नमूद करतो, कारण नंतर अनेकांनी शंका घेतली.

काली शहराच्या ओब्रेरो वस्तीत माझ्या बहिणीचं, ओत्तिलियाचं, नाचघर आहे. तिथे वर्षानुवर्षं रविवारी दुपारी फेरमीन यांचं ‘लेओनोर, दार लोटू नकोस’ लागतं. ते लागलं की खुर्चीवर फक्त पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस उरतो. बाकी जगात हे गाणं कुणाला ठाऊक नाही. खुद्द गायकही विसरत आले होते.

एक गोष्ट तेवढी त्यांना कळवायची राहिली. आम्ही रेकॉर्ड जरा वेगाने लावतो. गायक बिचारे आपापल्या देशात सावकाश गातात, त्याला ते तरी काय करणार? आम्ही इथे यंत्राचा वेगाचा खटका पुढे सरकवून दुरुस्ती करून घेतो. आता ती इतकी अंगवळणी पडली आहे, की कुणाच्या लक्षातही येत नाही.

शनिवारी पांढऱ्या सुटातले, सत्तरीचे दॉन फेरमीन काठी टेकत आले. ओत्तिलियाने कौतुकाने त्यांची रेकॉर्ड लावली. त्यांनी मान डोलावत ऐकली.

“आवाज गोड आहे. कोण ही मुलगी?”

“मुलगी कसली? तुम्हीच, काका!”

ते उठले, त्यांनी स्वतःच्या हाताने खटका मागे ओढला. यंत्रातून भरदार, मऊ, पुरुषी आवाज येऊ लागला.

“मशीन बिघडवलंत की हो,” ओत्तिलिया म्हणाली.

“हा मी आहे, बाई! बायको सामान बांधून निघाली होती, तेव्हाचं गाणं आहे हे. विनवणी आहे ती. विनवणी कुणी धावत धावत करतं का?”

“इथे करतात. नाहीतर बायको पोचते माहेरी.”

दॉन फेरमीन पेटीत कपडे भरायला लागले. मी हातापाया पडलो, तेव्हा त्यांनी अट घातली. “उद्या एकदाच, माझ्या चालीने, अख्खं गाणं ऐकायचं. नाहीतर मी मेल्यावर त्या पोरीचाच आवाज माझा म्हणून राहील इथे.”

मी कबूल केलं. रविवारसाठी जमवलेल्या वाजवणाऱ्यांनी नाही केलं. त्यांनी गाणं आमच्याच रेकॉर्डवरून बसवलेलं. दॉन फेरमीन पहिला श्वास घेईतो ते शेवटच्या कडव्यात पोचले.

“तुम्हाला काय बस गाठायचीय का रे?”

“तुम्हीच मागे राहिलात, मास्तर!”

मी दोन्हीकडे समजूत घालत फिरलो. दोन्ही बाजूंनी मला गाढव म्हटलं. निदान तिथे तरी एकमत झालं. शेवटी ते एकटेच गिटार घेऊन गाणार असं ठरलं.

रविवारी ते गायले. खरं सांगतो, सुंदर गायले. लेओनोर जिथे कुठे असेल तिथे दार उघडून उभी राहिली असती. आमच्या लोकांनी मात्र पाय उचलला तो हवेतच राहिला. ताल येईपर्यंत पोटरीत गोळे आले. मग एकेक जण खाली बसला. ओत्तिलियाच्या नाचघरात माणसं बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मयताला आल्यासारखे चेहरे करून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि टाळ्याही वाजवल्या, बेताच्या.

चोन्तादुरोची फळं विकणाऱ्या दोन्या नुबिया यांनी मला बाजूला ओढलं.

“म्हातारा गातो छान हं. पण फसवलंस आम्हाला. खरा फेरमीन कुठंय?”

“हेच खरे!”

“जा रे! त्याचा आवाज दर रविवारी ऐकते मी. कोवळा पोरगा आहे तो.”

“इतकी वर्षं कोवळाच?”

“गाणारे लोक अंगाला जपतात. तुझ्यासारखे नसतात.”

साक्षीला ओत्तिलियाला बोलवावं म्हणून वळलो, तर तिने रेकॉर्ड लावलीसुद्धा, आमच्या वेगाने. क्षणात जमीन दिसेनाशी झाली. नुबियाबाईंनी दॉन फेरमीन यांनाच मनगट धरून ओढत नेलं. अर्धं गाणं ते शिव्या देत होते. उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या पायांनी ताल पकडला असं मी म्हणणार नाही, पण शिव्या थांबल्या.

गाणं संपल्यावर नुबियाबाई त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, “बघितलंत काका? ह्याला म्हणतात फेरमीन. शिका जरा!”

मी डोळे मिटून घेतले. आता काठी कुणाच्या डोक्यात पडते एवढंच ऐकायचं होतं.

ज्यांच्यासाठी मी अख्ख्या वस्तीशी भांडलो होतो, ते दॉन फेरमीन धापा टाकत घाम पुसत होते.

“पोरगा बरा गातो,” ते म्हणाले. “परत लावा.”