सुटणारी गाडी आणि फिरती मांडणी

मित्रांनो, मी एक जुनी फिरती मांडणी आहे. लोखंडी सळयांची, चारही बाजूंनी पुस्तकं ठेवता येतील अशी, माणसाच्या खांद्याइतकी उंच. हाताने ढकललं की मी गोल फिरते आणि फिरताना कुरकुरते. ज्या वेल्डरने मला जोडलं, त्याच्याकडून मधला दांडा जरा तिरका बसला होता. पण गिऱ्हाईक दारात उभं होतं, म्हणून त्याने तो तसाच राहू दिला.

ते गिऱ्हाईक म्हणजे शुभेच्छापत्रांचा दुकानदार. त्याच्या दुकानात माझे दिवस छान गेले. लोक माझ्यापुढे उभे राहून पत्रं वाचायचे, मनाशी हसायचे, एखादा हळूच डोळे पुसायचा. पुढे लोक फोनवरूनच शुभेच्छा पाठवू लागले आणि माझी रवानगी दुकानामागच्या ओल्या भिंतीपाशी झाली. मी गंजत गेले. भंगारवाल्याने मला हातगाडीवर चढवलंही होतं. तेवढ्यात पलीकडच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल मावशी तिथून चालल्या होत्या. त्यांनी हातगाडी थांबवली आणि दुकानदाराशी बोलून मला आपल्याकडे नेलं.

मावशींनी मला घासून पुसून हिरवा रंग दिला आणि माझ्यावर कादंबऱ्या लावल्या. चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी हल्ली लिहिल्या जातात, तशा. त्यांत राजे नव्हते, पऱ्याही नव्हत्या. वडिलांची नोकरी गेलेला मुलगा होता, आरशात बघायला घाबरणारी मुलगी होती, काही कारण न सांगता बोलणं तोडलेली जिवलग मैत्रीण होती.

सुरुवातीला मला कुणी हातही लावला नाही. या वयाच्या मुलांना बालविभागात बसायची लाज वाटते आणि मोठ्यांच्या कपाटांचा कंटाळा येतो. कादंबरी म्हणजे जाडजूड, म्हाताऱ्या माणसांनी दुपारी वाचायची वस्तू, अशी त्यांची पक्की समजूत होती. मावशी कुणाच्या मागे लागल्या नाहीत. जो मुलगा मला उगाच फिरवून बघायचा, त्याच्याशी त्या इकडचं तिकडचं बोलायच्या आणि मग एखादंच पुस्तक काढून द्यायच्या. पहिल्यांदा वाचणाऱ्याला बारीक पुस्तक, ज्यात पहिल्याच पानावर काहीतरी घडतं असं. एका जागी न बसणाऱ्याला नुसत्या फोनवरच्या निरोपांतून लिहिलेली गोष्ट. नाही आवडलं तर अर्ध्यावर परत आण, का म्हणून मी विचारणार नाही, असं त्या सांगायच्या. हळूहळू माझे कप्पे रिकामे होऊ लागले.

अशीच एक मुलगी आली. घरात पाठचे दोन भाऊ, म्हणून तिला सगळे ताईच म्हणत. तिचे बाबा बस डेपोत नियंत्रक होते. कुठली गाडी कधी सोडायची, ते त्यांच्या शिट्टीवर ठरायचं. ताईने जन्मात कादंबरी वाचली नव्हती. भावांना चित्रांची पुस्तकं घेऊन द्यायची आणि दारात ताटकळत उभं राहायचं, एवढाच तिचा वाचनालयाशी संबंध. मावशींनी तिला एक पुस्तक दिलं. त्यातली मुलगी फोनवर ओळख झालेल्या एका माणसाच्या भरवशावर, घरी खोटं सांगून, बस पकडून निघून जाते. ताईने पहिली दहा-बारा पानं माझ्याशेजारी उभ्यानेच वाचली आणि पुस्तक घरी नेलं.

चार दिवसांनी तिचे बाबा ते पुस्तक घेऊन आले. त्यांना ते ताईच्या उशाखाली सापडलं होतं. उघडलं, तर नेमकं मुलगी बॅग भरते आणि बापाला थाप मारते तेच पान. त्यांचं माथं भडकलं. आमच्या मुलींना तुम्ही घरातून पळायला शिकवता का, असं त्यांनी भरल्या वाचनालयात विचारलं. मावशींनी पूर्ण वाचून बघा म्हटलं, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. वाचनालयाच्या अध्यक्षांना तंटा नको होता. सभेत निर्णय होईपर्यंत ही मांडणी मागच्या खोलीत ठेवा आणि यातलं एकही पुस्तक कुणाला देऊ नका, असं त्यांनी बजावलं.

मला पुस्तकांसकट उचलून आत नेलं आणि बाहेरून कुलूप लावलं. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या आणि उंचावर एक खिडकी. बाहेर मुलं येत, माझी जागा रिकामी बघत आणि निघून जात, ते मला दाराआडून ऐकू येई.

एके दिवशी दुपार कलताना बाहेर ताईचा आवाज आला. धापा टाकत ती मावशींकडे तेच पुस्तक मागत होती, आत्ताच्या आत्ता. मावशींनी कारण विचारलं तेव्हा तिला रडू कोसळलं. तिची वर्गातली मैत्रीण फार छान गायची. फोनवर एका माणसाने तिला गाण्याच्या मोठ्या स्पर्धेत घेतो म्हणून सांगितलं होतं. घरी बोलू नकोस, एकटीच ये, म्हणाला होता. ती आज संध्याकाळच्या गाडीने निघणार होती. ताईने समजावलं तर तिने बोलणंच टाकलं. कुणाला सांगितलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही, म्हणाली.

"माझं ती ऐकणार नाही," ताई म्हणाली. "मी बोलले की तिला वाटतं, मी जळते. पण त्या पुस्तकातली मुलगी अगदी तिच्यासारखी आहे."

मावशींनी टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. मग कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं. त्यांनी माझ्यावरून ते पुस्तक काढून ताईच्या हातात दिलं आणि सांगितलं, की पुस्तक ने, पण तू एकटी जायचं नाहीस. मोठं माणूस बरोबर हवं.

त्या चप्पल घालत होत्या, तेवढ्यात दारात ताईचे बाबा दिसले. कामावरच्या कपड्यांत, गळ्यात शिट्टी. ताई वाचनालयात गेलीय, हे धाकट्याने त्यांना सांगून टाकलं होतं. त्यांनी मुलीच्या हातातलं पुस्तक बघितलं, उघडं कुलूप बघितलं. मला वाटलं, आता आपला निकाल लागला.

"आण ते इकडे," ते म्हणाले.

ताईने पुस्तक छातीशी घट्ट धरलं. "बाबा, मी कुठेही पळून जात नाहीये. ती जातेय. तुमच्याच डेपोतून, संध्याकाळच्या गाडीने."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन मोटरसायकल चालू केली. ताई मागे बसली. मावशी तेवढ्यात मैत्रिणीच्या आईच्या कामाचं ठिकाण शोधून फोन लावू लागल्या.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. मला ते नंतर, ताई आणि मावशी यांच्या बोलण्यातून कळलं. गाडी फलाटाला लागली होती. मैत्रीण बाकावर बसली होती, मांडीवर बॅग, हातात फोन. बाबा पुढे निघाले तसं ताईने त्यांची बाही धरली. तुम्ही गेलात तर ती गाडीत चढेल, म्हणाली. बाबा थांबले. ताई एकटीच जाऊन तिच्याशेजारी बसली. उपदेश केला नाही. पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "यातली मुलगी गाडीतून उतरते तिथपर्यंत वाच. मग तुला काय वाटेल ते कर."

मैत्रीण आधी तोंड फिरवून बसली. मग तिने एक पान वाचलं, मग दुसरं. गाडी सुटायची वेळ झाली. चालक खिडकीतून बाबांकडे बघू लागला, प्रवासी कुरबुरू लागले. आयुष्यात एकही गाडी उशिरा न सोडलेला तो माणूस शिट्टी मुठीत धरून तसाच उभा राहिला. फोन पुन्हा पुन्हा वाजत होता. मैत्रिणीने तो उचलला नाही, बंदही केला नाही. वाचता वाचता तिने विचारलं, "या मुलीला उतरवून घ्यायला तिथे तिच्या माहितीचं कुणीच नसतं?"

ताईने 'नाही' म्हणून मान हलवली. मैत्रिणीने पुस्तक मिटलं आणि फोन ताईच्या हातात दिला. तिची आई डेपोच्या फाटकातून पळत आत आली, तेव्हा बाबांनी शिट्टी वाजवली आणि गाडी सोडली.

तो माणूस कोण होता, त्याचा तपास पुढे पोलिसांनी केला. मैत्रीण बरेच दिवस कुणाशी फारसं बोलली नाही. ताई तिच्याकडे जाऊन नुसती बसायची.

सभेच्या दिवशी बाबा आले. त्यांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "मी एकच पान वाचलं आणि ओरडलो. माझी मुलगी पूर्ण वाचून गप्प राहिली, कारण मैत्रिणीबद्दल घरात सांगायची तिला भीती वाटत होती. भीती त्या पुस्तकाची नव्हती, माझी होती." अध्यक्षांनी मला बाहेर काढायला सांगितलं. बाबांनी स्वतः एका बाजूने मला उचललं आणि घरी जाताना, नवख्या माणसाला जमेल असं काहीतरी द्या, म्हणून मावशींकडून एक बारीक कादंबरी मागून नेली.

मित्रांनो, आता माझा रंग पुन्हा उडालाय आणि एक कप्पा वाकलाय. माझी काळजी घ्याच, पुस्तकं कोंबू नका, पानं फाडू नका. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्या ओळखीचं कुणी अचानक गप्प झालं असेल, तर त्याला जवळचं वाटेल असं एक पुस्तक माझ्यावरून काढा आणि त्याच्याकडे घेऊन जा. मात्र हातात देऊन लगेच निघून येऊ नका. थोडा वेळ त्याच्याशेजारी बसा.