लाल चिंधीची काठी

मी एक जुनी बांबूची काठी आहे. मित्रांनो, काठीपाशी सांगण्यासारखं काय असणार, असं तुमच्या मनात आलं असेल तर तुमची चूक नाही. आजोबांच्या हातातली काठी निदान देवळापर्यंत तरी जाऊन येते. मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात महत्त्वाचे दिवस एका जागी नुसती उभी होते. पण तिथे जे घडलं ते पाहणारी मी एकटीच होते आणि मला तोंड नव्हतं. म्हणून इतक्या वर्षांनी का होईना, सांगते.

माझा जन्म बदलापूरकडच्या एका बांबूच्या बेटात झाला. तिथून मोळीत बांधलेली मी डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात आले. गोमाजी कोळ्याने मला जाळ्याच्या खुंटासाठी घेतलं होतं, पण त्या कामाला मी फारच बारीक निघाले. मग त्याची बायको मनुबाई मला वापरू लागली. ओहोटीला पाणी मागे सरलं की ती टोपली घेऊन चिखलात उतरायची, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरायला. पुढचं पाऊल टाकण्याआधी ती मला चिखलात रोवून बघायची. मी वीतभर आत गेले तर पाऊल पुढे, हातभर गेले तर वळसा. पाच वर्षं हेच काम केलं. त्याबद्दल कुणी माझी पाठ थोपटली नाही, पण मनुबाई कधी रुतली नाही.

एकोणीसशे शहाऐंशीच्या हिवाळ्यात तिथे निसर्गशाळा आली. शाळा म्हणायची एवढंच. तिला ना भिंती, ना घंटा. दाजी नावाचे निवृत्त विज्ञानशिक्षक होते, त्यांच्या हाताखाली नंदाताई होती, आणि दर रविवारी सकाळी शहाडपासून मानपाड्यापर्यंतच्या वस्त्यांतून आलेली तीसेक मुलं. दाजींचे तीन नियम होते. तोडायचं नाही, उचलायचं नाही, ओरडायचं नाही. मुलं पहिले दोन पाळत.

नंदाताई तेव्हा चोवीस वर्षांची होती. वनस्पतिशास्त्रात पदवी, खांद्याला शबनम, आणि पायात नव्या कोऱ्या चपला. पहिल्याच दिवशी मुलांना तिवराची मुळं दाखवायला ती ऐटीत पुढे गेली आणि गुडघ्यापर्यंत खाली गेली. मुलांना वाटलं, हाही धड्याचाच भाग आहे. मनुबाईने तिला काखेत धरून ओढून काढलं. एक चप्पल मात्र खाडीने ठेवून घेतली.

"घे बाय, ही तुला ठेव," मनुबाईने मला तिच्या हातात दिलं. "पुस्तकात चिखल किती खोल हाय ते लिवलेलं नसंल."

त्या दिवसापासून मी नंदाताईची झाले. मनुबाई दर रविवारी मुलांच्या पुढे चालायची, चिखलातल्या वाटा दाखवायची. खेकड्याचं बीळ कोणतं आणि सापाचं कोणतं, हे ती बोट न लावता सांगायची. दाजी ते शुद्ध मराठीत पुन्हा सांगायचे आणि मुलं ते वहीत उतरवायची. सगळं छान चाललं होतं.

मार्च संपता संपता एका मुलाचा पाय पडता पडता राहिला. खाडी आणि पडीक मिठागराचा बांध यांच्यामधल्या उघड्या जमिनीवर टिटवीची चार अंडी होती. घरटं कसलं, चार खडे बाजूला सारून केलेला खळगा. अंड्यांचा रंग असा की डोळ्यांसमोर असूनही दिसू नयेत. उद्या कुणी पाय दिला तर? तिने ओढणीची लाल किनार टर्रकन फाडली, माझ्या टोकाला बांधली आणि मला घरट्यापासून दोन हातांवर रोवलं.

"आता कुणी चुकूनही इकडे येणार नाही," ती म्हणाली.

दाजी खूश झाले. त्यांनी याला 'खूणकाठी पद्धत' असं नाव दिलं आणि त्याच रात्री वार्षिक अहवालात तिच्यावर दोन पानं लिहिली. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुसऱ्या शाळांचे शिक्षक निसर्गशाळा बघायला येणार होते. त्यांना पटलं तर ते आपली मुलं पाठवणार होते. त्यांना हीच पद्धत दाखवायची, असं ठरलं. मित्रांनो, तेव्हा मला गर्व झाला होता. चिखलात बुडणारी मी, आता अहवालात होते.

सोमवारी दुपारी एक कावळा माझ्या डोक्यावर येऊन बसला.

त्याला अंड्यांचा पत्ता नव्हता. तो आला होता चिंधीसाठी. त्याने ती दोनदा ओढून पाहिली, ती सुटेना, म्हणून मान वाकडी करून त्याने खाली बघितलं. टिटवी किंचाळत त्याच्यावर झेपावली. तेवढ्यात दुसरा कावळा आला. टिटवा-टिटवी एकाच्या मागे लागली की दुसरा खाली उतरायचा. घटकाभरात खळगा रिकामा झाला. मी काय करणार होते? मी उभी होते, आणि ताठ उभं राहणं हेच माझं काम होतं.

रविवारी मुलांना टरफलांच्या दोन कपच्या सापडल्या. तानाजी नावाचा सातवीतला चुणचुणीत मुलगा लगेच म्हणाला, "ताई, मी बघितलेलं ना! काल मी वडलांबरोबर इकडे आलेलो, तेव्हा मनुबाई इथूनच चाललेली. टोपली होती तिच्याकडे."

तो खोटं बोलत नव्हता. मनुबाई रोज तिथूनच जायची. पण तीस मुलांनी एकदम मान वळवली, आणि नेमकी तेव्हाच मनुबाई टोपली घेऊन बांधावरून उतरत होती.

दाजींनी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "मनुबाई, आम्ही तुमच्यावर आळ घेत नाही. पण मुलांपुढे चुकीचा आदर्श नको. काही दिवस आपण या बाजूला येऊ नये, ही विनंती."

"मी कशाला घेऊ टिटवीची अंडी?" मनुबाई म्हणाली. "आमच्यात कोनी खात नाय ती. टिटवी अंडी उंचावर घालते का खाली, ते बघून आमी पावसाचा अंदाज घेतो."

"आपण वाद नको घालू या," दाजी म्हणाले.

मनुबाईने माझ्याकडे बघितलं. चिंधीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. ती काहीतरी बोलणार होती, पण नंदाताईने मान खाली घातली, आणि ते बघून ती गप्प झाली. टोपली डोक्यावर घेऊन आल्या वाटेने परत गेली. नंदाताईला वाईट वाटलं, यात शंका नाही. पण वाईट वाटूनही तिने तोंड उघडलं नाही. माझ्यापाशी तोंड नव्हतं, तिच्यापाशी होतं.

पुढचे रविवार कोरडेच गेले. चिखलाच्या वाटा दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मुलं बांधावर बसून चित्रं काढत.

पंधरा-वीस दिवसांनी नंदाताईला बांधाच्या पलीकडे दुसरं घरटं सापडलं. पुन्हा चार अंडी, पुन्हा मी, पुन्हा तीच चिंधी. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती उजाडताच एकटी आली आणि बांधाआड दडून बसली. चोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, असं तिने ठरवलं होतं. खरं सांगायचं तर ती मनुबाईलाच पकडायला आली होती.

आणि मनुबाई आली. दाजींची विनंती तिने मानली नव्हती. पोटासाठी खाडीत उतरायला तिला दुसरी वाट नव्हती. घरट्यापासून पाच-सहा पावलांवरून ती गेली. थांबली नाही. मान वळवली नाही. पावलाचा वेगही बदलला नाही. टिटवी अंड्यांवरून उठलीसुद्धा नाही. मनुबाई चिखलात उतरून दिसेनाशी झाली.

नंदाताई गोंधळली. ती तशीच बसून राहिली. ऊन वर आलं, आणि कावळा आला. इकडे तिकडे न शोधता, ओळखीच्या घरी यावं तसा तो सरळ माझ्या डोक्यावर येऊन बसला.

ती ओरडत धावली. तिसरा नियम तिने स्वतःच मोडला. ती पोचेपर्यंत एक अंडं गेलं होतं. तिने मला उपटलं, लांब बांधापर्यंत पळत नेलं आणि तिथे मला मांडीवर घेऊन रडायला लागली. मलाही वाईट वाटलं. तेवढं वाटणं लाकडालाही जमतं.

त्याच दिवशी ती दाजींच्या घरी गेली. मी दाराशी टेकून उभी होते. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "उद्याचा दिवस जाऊ दे, नंदा. पाहुणे एकदा गेले की आपण हे दुरुस्त करू. चार शाळा जोडल्या जातील. हे काम टिकायला हवं ना?"

"हो सर," नंदाताई म्हणाली.

मित्रांनो, दाजी वाईट नव्हते. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस होता तो. फक्त एकच दिवस उशिरा खरं बोलू या, असं त्यांना वाटलं.

रविवारी आठ शिक्षक आले. दाजींनी ओळख करून दिली आणि नंदाताईला पुढे बोलावलं. तिने मला उभं धरलं.

"ही आमची खूणकाठी," ती म्हणाली. "हिच्यामुळे आमच्या हातून पाच अंडी गेली."

मग तिने सगळं सांगितलं. कावळ्याचं, चिंधीचं, बांधाआड कुणासाठी दडून बसली होती तेही. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. दाजी जमिनीकडे बघत होते.

तानाजी उभा राहिला. "ताई, म्हणजे मनुबाईला आपण उगाच बोललो?"

"हो."

"सगळ्यात आधी मी बोललेलो." त्याचा चेहरा उतरला होता. "मग तिला सांगायला पायजे ना?"

दाजीच उठले. वहाणा चढवल्या आणि कोळीवाड्याच्या दिशेने चालू लागले. त्यांच्या मागे नंदाताई, तिच्या मागे तीस मुलं आणि पाहुण्यांपैकी तिघे. बाकीचे पाच स्टेशनकडे गेले.

मनुबाई अंगणात सुकट पसरत होती. एवढी फौज दारात बघून तिने पदर खोचला. भांडण आलं असं तिला वाटलं असावं.

"मनुबाई," दाजी म्हणाले. शुद्ध मराठीचे पुढचे शब्द त्यांना लवकर सापडेनात. "माझं चुकलं. या मुलांसमोर चुकलं, म्हणून यांच्यासमोरच सांगतो."

मनुबाईने सुकटीवरून हात फिरवला. "मना त्याच दिवशी कललं होतं," ती म्हणाली. "चिंधी बघूनच. पन तुमी आयकनार होता काय?"

"नव्हतो," दाजी म्हणाले.

नंदाताईने विचारलं, "मग घरटं बघायचं तरी कसं?"

"बघायचंच नाय, बाय. कावला अंडी शोधत नाय, तो आपले डोले बघतो. तुमी थांबलात का तो थांबतो, तुमी वाकलात का तो वाकतो. आपन चालत ऱ्हायचं. टिटवी बसलेली ऱ्हायली म्हंजी अंडी हायत. बास."

पुढच्या रविवारी ती पुन्हा मुलांच्या पुढे होती. उरलेल्या तीन अंड्यांतून पिल्लं निघाली, ती आम्ही कुणी पाहिली नाहीत. मनुबाई म्हणाली, तीन होती; नंदाताईने वहीत तेवढंच लिहिलं. अहवालातली दोन पानं दाजींनी खोडली नाहीत. त्यांच्याखाली आपल्या हाताने तिसरं पान लिहिलं आणि पाच अंड्यांचा हिशेब दिला. चार शाळांपैकी एकच जोडली गेली.

त्यानंतर माझी बरीच वर्षं नंदाताईच्या घरी कपाटामागे गेली. कोळिष्टकं साठली, एका टोकाला चीर गेली. चिंधी विटून मातकट झाली. दाजी गेले. गोमाजीही गेला. मिठागराच्या अर्ध्या जमिनीवर भराव पडला आणि त्यावर इमारती उठल्या. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगते, मला त्याचं फारसं दुःखही झालं नाही. जिच्या कौतुकात पाच अंडी गेली, तिने कौतुकाची वाट कशाला बघायची?

शहाण्णव सालच्या एप्रिलमध्ये नंदाताईने मला बाहेर काढलं. मनुबाई थकली होती, तिला आता चिखलात उतरवत नव्हतं. तिने निरोप पाठवला होता, 'टिटवी बांधाच्या अल्याड हाय. माजी काठी ने.' नंदाताईने माझी चिंधी सोडली आणि आपल्या वहीत ठेवून दिली.

मित्रांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मला तेल लावू नका, भिंतीवर टांगू नका. मनापासून आवडलेली एखादी गोष्ट दिसली तर तिच्यावर खूण करायला धावू नका, आणि केलीतच, तर चूक कळल्यावर ती ज्याच्यावर ढकलली त्याच्या अंगणात जाऊन सांगा. एक दिवसही उशीर करू नका.

त्या सकाळी नवी तीस मुलं रांगेने निघाली. पुढे मला टेकत नंदाताई, आणि सगळ्यात शेवटी तानाजी. तो आता मानपाड्याच्या एका कारखान्यात कामाला होता आणि रविवारी मुलांना शिकवायला येत होता. तिवराच्या फांदीवर कावळा बसलेला होता. आम्ही बांधाच्या अलीकडून, पाच-सहा पावलांवरून गेलो. कुणी थांबलं नाही, कुणी मान वळवली नाही. तानाजीनेही नाही.

टिटवी उठली नाही.