भोपळ्यावरचं पाऊल

"कोवळ्या फळाला नख लावू नका गं पोरींनो. ओरखडा फळाबरोबर मोठा होतो."

आईचं हे सांगणं मला त्या सकाळी धाकटीच्या जिन्यातच आठवायला हवं होतं. पण जिन्यात पाय ठेवायला जागा असेल तर ना! अख्खी गल्ली वर निघाली होती.

धाकटी म्हणजे माझी बहीण. गच्चीवर भाज्या लावते. फुटक्या बादल्यांत मिरच्या, जुन्या टबात पालक, पिंपात भोपळ्याचा वेल. त्या वेलाच्या भोपळ्यावर पाऊल उमटलं होतं. टाच, तळवा, पाच बोटं. फिकट आणि चांगलं उठून दिसणारं. त्याच्याशेजारी मांडी ठोकून बसले होते वेलीबाबा.

"पाऊल आकाशातून उतरलं, वेलीतून चढलं, भोपळ्यात थांबलं!" बाबा गरजले. "ज्या घरी हे पाऊल, त्या घरी औषधाची बाटली नको!"

"उतरलं की चढलं, एक काय ते ठरवा की," खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई पुटपुटल्या. हात मात्र त्यांनीही जोडले होते.

मीही जोडले. खोटं कशाला सांगू? रोजचा जप कधी चुकवला नाही मी. देवाचं नाव निघालं की हात आपसूक जुळतात.

तेवढ्यात धाकटीने तिसऱ्यांदा तांब्या तोंडाला लावला आणि मी तिला बाजूला घेतलं.

"इंजेक्शन घेतलंस?"

"हळू बोल ना ताई. बाबांनी सोडायला सांगितलंय. काल सकाळपासून बंद."

धाकटीला साखरेचा आजार. बारा वर्षं दिवसातून दोनदा सुई. मागे एकदा दोन दिवस चुकलं, तर दवाखान्यात मलाही ओळखत नव्हती.

"चल खाली. आत्ताच्या आत्ता घे."

"पाऊल पुसलं जाईल म्हणतात."

ओढून न्यावं तर हट्टाला पेटेल. मला एका जागी उभं राहवेना. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत विचारलं, "हे आले कधी तुझ्याकडे?"

"महिना झाला. वेल पाहिला आणि म्हणाले, घटकाभर एकांत द्या, वेलीशी बोलायचंय. मी चहा करायला खाली गेले."

एकांत! तेव्हा कुठे आई आठवली. मी सरळ वेलात हात घातला आणि पानं उलटू लागले.

"अहो माई, शिवू नका! वेल कोपेल!"

"रोज पाणी घालणारीवर कोपला नाही, माझ्यावर कशाला कोपेल?" मी हळूच म्हटलं.

भोपळ्याची कोवळी फळं बरीचशी गळून जातात, हे एक वेल लावलेल्यालाही ठाऊक असतं. म्हणून लबाड माणूस एकाच फळावर विसंबत नाही. पिंपामागे वाळक्या पानांत लिंबाएवढं सुकलेलं फळ सापडलं. त्यावर इवलंसं पाऊल, रेघांवर वाळलेल्या चिकाचे थेंब. मग दुसरं. तिसऱ्यावर तर घाईत सहा बोटं झाली होती.

तिन्ही फळं मी कठड्यावर मांडली. "बाबा, एक पाऊल उमटवायला देवाला इतकी तालीम लागते?"

शिंपीणबाईंनी सहा बोटांचं फळ डोळ्यांजवळ नेलं. "सुईचं काम आहे. आणि हात कच्चा आहे हो!"

गच्ची हसली.

"परीक्षा! श्रद्धेची परीक्षा!" बाबा ओरडले.

"घेऊ या की. शिंपीणबाई, सुई द्या. या कोवळ्या फळावर मी मांजर काढते. सालीला चीर पडली की वेल ती चिकाने भरतो, खपली धरते, आणि फळ फुगेल तशी खपलीही पसरते. पंधरा दिवस इथेच बसा, मांजर मोठं झालेलं बघून जा."

बाबांना पंधरा दिवस सवड नव्हती. घाईत दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून उतरले.

धाकटी मात्र हसली नाही. खाली खोलीत नेऊन मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी किती घ्यायचं ते सांगितलं आणि संध्याकाळी तपासायला बोलावलं. ती इंजेक्शन हातात धरून नुसती बसून राहिली.

"ताई, मनातून कळत होतं गं. पण रोज आपल्याच हाताने आपल्याला टोचायचं... वाटलं, असेल एखाद्या वेळी खरं."

"आण इकडे." मी टोचलं. "उद्यापासून दोन्ही वेळा मी येते."

"आणि तुझा जप?"

"चालता चालता होतो की."

मी देव मानते, म्हणूनच बायांनो, तुम्हाला सांगते. औषध सोडा म्हणणाऱ्याला आधी विचारा, तुला एकांत कशाला हवा होता? हात जरूर जोडा, पण आधी त्याच हातांनी पानं उलटून बघा. खऱ्या देवाला त्याचा राग येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण लिहिलेला कागद पिशवीत ठेवला. घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या, दार अलगद ओढलं आणि धाकटीच्या घराकडे चालू लागले.