बारा वाजताची बदली

आमच्या बाहेरच्या खोलीत अकरा महिन्यांपासून बर्फ आहे. तो उंबऱ्यापर्यंत येतो आणि थांबतो. स्वयंपाकघरात फरशी कोरडी असते, पंखा लावावा लागतो. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं की श्वास पुरत नाही. माझा भाचा जयसिंग फौजेतून घरी आला, त्या दिवशी ही डोंगरावरची उंची घरात आली.

पूर्वी खोली बारा फुटांची होती. आता जयसिंग तिच्या पलीकडच्या टोकाला, रस्त्याच्या दाराशी, पहाऱ्यावर उभा असतो आणि इकडून काडीपेटीतल्या काडीएवढा दिसतो. पाहुणे मागच्या दारानं येतात, चपला मोरीजवळ काढतात. त्या खोलीतल्या घड्याळात नेहमी बारा वाजून पाच मिनिटं झालेली असतात. ऊन स्वच्छ असतं.

माझी धाकटी बहीण तारा रोज मुलाचं ताट घेऊन निघते. पोचेपर्यंत आमटी गोठते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पाण्याबरोबर घ्यायच्या. पाणी तिथे फोडावं लागतं.

"काय म्हणाला?" ती परतली की मी विचारतो.

"सब ठीक म्हणाला."

तिकडे, बर्फातल्या चौकीवर, जयसिंगचा पहारा दहा ते बारा होता. बारा वाजता गुणवंत काळे त्याच्या बदलीला येणार होता. दोघं एका तंबूत राहत, एका बरणीतलं लोणचं खात. गुणवंत आला नाही. त्यानं तंबूतच जीव दिला. नंतर दुसरा शिपाई आला, जयसिंगला खाली उतरवलं, कागदांवर सह्या झाल्या, पुढे त्याला घरी पाठवलं. जयसिंग म्हणतो, तो शिपाई माझी बदली नव्हता. माझी बदली गुणवंत होता.

गुणवंत कुठे आहे असं त्यानं विचारलं की तारा म्हणते, "येईल की. वाटंत असंल." मीही एकदा तसंच म्हणालो. त्या दिवशी खोली आणखी वाढली आणि पडद्याची दांडी दोन्ही टोकांनी निखळून पडली. मी ती कोपऱ्यात उभी करून ठेवली. माझ्या बोलण्याचा आणि खोली वाढण्याचा संबंध असेल, पण माझे अंदाज बहुधा चुकतात, म्हणून ताराला बोललो नाही.

सोमवारी बर्फ त्याच्या गुडघ्यांवर आला. बुधवारी तो कमरेला लागला आणि तारा ताट तसंच परत घेऊन आली.

"जेवायची गरज न्हाई म्हणतोय," ती म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली. आत त्याचं मनगटी घड्याळ आणि पाकीट होतं. "हे तुझ्याजवळ राहू दे म्हणाला."

शेजारचे सुभेदार पिसाळ मागच्या दारानं आले. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"छातीच्या वर गेला तर मग निघत नाही."

"मग काढा की भाऊजी. तुम्ही फौजेतले."

"ताराबाई, बदली आल्याशिवाय जवान जागा सोडत नाही. ओढून आणला तर परत जातो."

"तुम्ही जावा बदलीला."

सुभेदारांनी चहा बशीत ओतला. "मी चार वर्षं आमच्या गोठ्यात उभा होतो," ते म्हणाले. "घरात कुणी विचारलं नाही. म्हशी तेवढ्या बघायच्या. परत आत गेलो तर मी बाहेर यायचा नाही."

"मग सुटलात कसे?" मी विचारलं.

"म्हैस व्यायला अडली. धरायला कुणी नव्हतं, मी धरलं." त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "वामनराव, तुमची छाती किती?"

"तीस."

"फुगवून?"

"फुगवूनच."

"चालतंय. तिथं कोण टेप लावतंय."

मी एकतीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात काढली. पुस्तक वर्षभर उशिरा आणणाऱ्यालाही मी कारण विचारलं नाही. तारखेचा शिक्का मारून पुढे सरकवायचो. हे मी सुभेदारांना सांगितलं.

"काही विचारायचं नाही," ते म्हणाले. "तो विचारील, कौन आता है. दोस्त म्हणायचं. नाव विचारलं तर गुणवंत काळे सांगायचं. पोरगं जागा सोडून येईल. बास."

तारानं मला दोन स्वेटर घातले, माकडटोपी घातली, हातमोजे चढवले, वर तिची शाल गुंडाळली. टोपीची कड तिनं तीनदा नीट केली.

मी चालत गेलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण घड्याळ बारा वाजून पाचावरच होतं. वाटेत आमची दोन खुर्च्यांची बैठक लागली, तिथे मी श्वास घेतला. पोचलो तेव्हा बर्फ जयसिंगच्या छातीला टेकला होता. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"थम. कौन आता है?"

"दोस्त."

"नाव?"

पाठ केलेलं नाव माझ्या तोंडात होतं. थंडीनं ते दातांना चिकटलं.

"वामनमामा," मी म्हणालो.

"गुणवंत कुठाय?"

"तो येणार नाही. त्यानं जीव दिला, जयसिंग."

घड्याळाचा काटा एक घर पुढे गेला. ते आम्हाला दोघांनाही ऐकू आलं.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे का, तेवढं बघत होतो."

पुढचं वाक्य मी आयुष्यात कुणाला विचारलेलं नव्हतं. ते फार लांबलचक वाटलं. प्रत्यक्षात चारच शब्द होते.

"तुलाही जीव द्यावासा वाटतो?"

"हो, मामा."

"कधीपासून?"

"बारा वाजल्यापासून."

"मी तुझ्या बदलीला आलोय. बारा ते दोन."

त्यानं माझी टोपी पाहिली, शाल पाहिली. "दोन तास उभं राहवंल तुम्हाला?"

"बहुतेक नाही. बसलं तर चालतं का?"

"नाही चालत."

"मग उभा राहतो."

मग त्यानं नियमाप्रमाणे एकेक वस्तू सांगितली आणि मी प्रत्येक नाव त्याच्यामागून म्हटलं. दुर्बीण एक. स्टोव्ह एक, पेटत नाही. गुणवंतचा मग एक, हात लावायचा नाही. मी हात दिला. तो बर्फातून वर आला, त्याच्या खड्ड्यात मी उतरलो. बर्फ माझ्या गळ्यापाशी आला, कारण मी बुटका आहे.

जयसिंग स्वयंपाकघराकडे निघाला. लहान होत गेला. निम्म्या वाटेवर तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. बर्फात बसलेल्या माणसाला झोप येते आणि ती चांगली नसते, हे मी वाचलेलं होतं. मी कडेला कोपरं टेकून खड्ड्यातून एक पाय वर काढला. जागा रिकामी होतेय असं दिसताच तो उठला आणि माझ्याकडे परत यायला लागला. मी पाय आत घेतला. तो पुन्हा बसला.

मग मी ताराला हाक मारली. आमच्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी कधी बोललं नसेल. दुसऱ्या हाकेला छताचा पोपडा पडला. चौथ्या हाकेला ती उंबरा ओलांडून आली. अनवाणी होती, हाताला कणीक तशीच होती. ती धावत होती, पण इतक्या लांबून ती जागच्या जागी हलल्यासारखी दिसत होती. जयसिंग एका कुशीवर कलला होता.

दोघांमध्ये इथून माझ्या करंगळीएवढं अंतर होतं. मी हातमोजा काढला आणि करंगळी डोळ्यासमोर उभी धरली. एका बाजूला तो होता, एका बाजूला ती. बोट थरथरत होतं, त्यामुळे अंतर कमी होतंय की नाही ते मला कळत नव्हतं.