समितीचा पहिला ठराव

पळसदरीच्या पलीकडच्या वाडीत लिमये गुरुजींनी शाळा सुधार समिती काढली ती एकाहत्तर साली, आणि पुढचे सात महिने तिच्या बैठकीला एकटे गुरुजीच हजर होते.

बैठक अमावास्येला. त्या दिवशी वाडीत औत धरत नाहीत, माणसं मोकळी असतात, असा गुरुजींचा विचार. दर अमावास्येला दुपारी ते स्वतः वर्ग झाडायचे, सतरंजी अंथरायचे आणि दाराकडे तोंड करून बसायचे. माणसं मोकळी असायची खरी, पण पारावर. शाळेचं काय ते मास्तरनं बघावं, पगार त्याचाच घेतो, असं वाडीचं सरळ म्हणणं. त्यात गुरुजींनी बौद्धवाडीतली पारूबाई समितीत घेतलेली. तिच्यासोबत एका सतरंजीवर बसायचं म्हणून काहींनी नाकं मुरडली. पारूबाईही येईना. आपलं नाव कागदापुरतंच, असं तिला वाटायचं, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

गुरुजी पडले हट्टी. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी शैला सासरी नागपूरला. शाळेमागच्या खोलीत ते एकटे भात शिजवायचे आणि बोलायला कुणी नसलं की मोठ्यानं पावकी-निमकीचे पाढे म्हणायचे. शाळा सगळ्यांची झाली पाहिजे, असं ते तालुक्याच्या शिक्षण साहेबांना सांगत. तेही खरंच होतं, पण माणूस एकटेपणाला कंटाळला होता हे जास्त खरं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तेवढी याच वाडीत, याच माणसांत काढावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

आठव्या अमावास्येच्या आदल्या दिवशी ते घरोघर फिरले. "नुसता चहा प्यायला तरी या," म्हणाले. आणि नऊ माणसं आली. पारूबाई दाराशीच टेकली, तेव्हा गुरुजींनी तिला सतरंजीवर बोलावलं. वाडीचा कारभारी काळूराम घसा खाकरत थोडा सरकला.

"पटावर सत्तावीस मुलं," गुरुजी म्हणाले, "त्यात मुली चार. असं का, ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

पारूबाईनं कप खाली ठेवला. मग ती बोलली.

"माजी जनी तिसरीतनं काडली, ती का, कुनी इचारलंय? पोरी मोट्या हुतात. काय झालं तर सांगायचं कुनाला? गुरुजी देवमानूस हायेत, पन बाप्याच ना. बाई येऊ द्या, उद्या जनीला धाडते. समद्याच धाडतील."

काळूरामच्या दोन नाती घरीच होत्या. तो म्हणाला, "खोटं नाय तिचं. लिवा गुरुजी, आमाला बाई पायजे."

नऊच्या नऊ हात वर झाले.

गुरुजींनी टाक उचलला आणि ते थांबले. वाडीला ठाऊक नव्हतं ते त्यांना ठाऊक होतं. दुसरा शिक्षक मिळायला पट चाळीसचा लागतो. तोवर शाळेला शिक्षकाची जागा एकच. बाई आल्या की गुरुजी गेले. तालुक्याच्या शाळेतल्या सरोजिनीबाई पळसदरी स्टेशनजवळची कुठलीही शाळा मागतच होत्या, म्हणजे ठराव पोचायचा अवकाश. 'मग मला जावं लागेल,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. माणसं भिडस्त, हात लगेच खाली आले असते. वाक्य अगदी ओठांवर आलं. पण शाळेचा विचार त्यांच्याखेरीज आणखी कुणी केला होता तो आजच, आणि तो बरोबर होता. त्यांनी वाक्य गिळलं आणि ठराव लिहून काढला. मग तो सगळ्यांना वाचून दाखवला.

सह्या झाल्या, अंगठे उठले. पारूबाईनं अंगठ्याची शाई पदराला पुसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता दोन मास्तर. गुरुजींनाबी शाळंत सोबत हुईल. किती वर्सं एकलं ऱ्हायचं मानसानं?"

"हो ना," गुरुजी म्हणाले, आणि सर्वांत खाली सचिव म्हणून त्यांनी आपली सही केली.