आईची नजर

चंदाला एका मेलेल्या बाईचा मत्सर वाटायचा, आणि मेलेल्या बाईशी धड भांडताही येत नाही. पुढच्या खोलीत, हार घातलेल्या फोटोत, तिच्या नवऱ्याची, नितेशची, पहिली बायको शकुन वर्षानुवर्षं तशीच तरुण हसत होती. तिची लेक आकांक्षा चंदानं तान्ही असल्यापासून वाढवली. दात, गोवर, शाळा, सगळं हिनंच निस्तरलं. पण घरी आलेला पाहुणा पोरीची हनुवटी धरून म्हणायचा, "हुबेहूब शकुन!" चंदाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खस्ता हिनं खायच्या, आणि कौतुक फोटोचं!

शकुन इंग्रजी फाडफाड बोलायची म्हणे. म्हणून चंदानंही जठारपेठेतला बायकांचा इंग्रजीचा क्लास लावला. त्या दिवशी सबीहा मॅडमनी सारखेपणाचे वाक्प्रचार घेतले. लेकरू आईसारखं दिसलं की इंग्रज म्हणतो, स्पिटिंग इमेज. आणि स्पिट म्हणजे थुंकणं.

"छी! लेकराच्या तोंडाले थुंकी लावतेत?" वर्गातल्या आशाबाई उखडल्या. "माह्या नातवाले कोनी असं म्हटलं, तर मी त्याचं थोबाडच रंगवीन!"

"आपण 'खाण तशी माती' म्हणतो, ते काय गोड आहे?" मॅडम हसल्या. "अहो, कौतुकच असतं ते."

वर्गात दोन तट पडले. तेवढ्यात शाळा सुटलेली आकांक्षा दारात आली. कमरेवर हात, मान तिरपी, कपाळाला आठी. "चाल ना मम्मी, किती वेळ!"

ती ऐट थेट चंदाची होती. मॅडमना घरचं काहीच ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "चंदा, शी इज युवर स्पिटिंग इमेज!"

आशाबाईंनी नाक मुरडलं. चंदाच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. "मॅडम," ती म्हणाली, "अजून एकडाव म्हना ना."

संध्याकाळी तिनं पोरीची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळताना ती नेहमी म्हणायची, आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची, पाहुण्यारावळ्याची. खरं तर आईचीच नजर आधी लागते म्हणतात, पण तेवढा शब्द चंदा दर वेळी गाळायची. तो उच्चारला की फोटोतली बाईच पुढे यायची. आज तिनं फोटोकडे रोखून पाहिलं आणि सुरुवातच केली, "आईची..."

"कोनत्या आईची?" आकांक्षानं विचारलं.

"माही," चंदा म्हणाली, आणि पोरीवर थू थू केलं.