बांबूची जागा

आमच्या ह्यांना गणपतीचा मंडप घालायची भारी हौस, पण अर्धं मोजमाप करून घरी यायची खोड. बावन्न साली कलकत्त्यात बालीगंजातल्या आम्हा मूठभर मराठी घरांना कोपऱ्यावरची मोकळी जागा मिळाली, ती शेजारच्या डॉक्टर घोषालांच्या मेहेरबानीनं. त्यांची एकच अट होती, की त्यांचं फाटक अडता कामा नये. अडलं तर गणपती दुसरीकडे न्या.

निंबाच्या झाडापासून फूटपाथपर्यंत पंचवीस फुटी कनात लावायची होती. ह्यांनी फूटपाथवरच्या दिव्याच्या खांबापासून निंबापर्यंतचं अंतर मोजलं, चाळीस फूट. खांबापाशी त्या ओळीचा फूटपाथच्या रेषेशी होणारा कोन घेतला, तीस अंश. पण कनातीच्या टोकाचा बांबू खांबापासून किती फुटांवर पुरायचा, ते मोजायचंच राहिलं. कनात सणाच्या सकाळी हावड्याहून यायची होती आणि खड्डा आदल्या दिवशीच खणायचा होता.

"परत कशाला जाता? मी काढून देते," मी म्हटलं. लग्नापायी माझी इंटरची परीक्षा राहिली होती. यंदा बसू का, असं मी दिवाळीपासून विचारत होते आणि हे नुसतं "बघू" म्हणत होते. म्हटलं, आता बघाच.

साईनच्या नियमानं बांबूपाशी कोन आला त्रेपन्न अंश, म्हणून निंबापाशी सत्त्याण्णव, आणि अंतर जवळजवळ पन्नास फूट. ह्यांनी मजुरांना तो आकडा सांगितला आणि हे खिदिरपूरला कस्टमच्या कचेरीत निघून गेले.

सकाळी बघतो तर बांबू थेट घोषालांच्या फाटकात! कनात लावून पाहिली तर ती मात्र अगदी बरोबर बसली, ना इंचभर तोकडी, ना सैल. मंडळाचे चिटणीस मनोहरपंत डोकं खाजवत म्हणाले, "आपण जागा पाहिली तेव्हा बांबू फाटकाच्या बराच अलीकडे येत होता हो. वहिनींना मोदकांवरच ठेवायला हवं होतं." डॉक्टर फाटकाच्या आत हाताची घडी घालून उभे. मूर्ती यायच्या आत बांबू निघाला नाही तर परवानगी रद्द, असं त्यांनी सांगून टाकलं.

मी पायरीवर बसून पुन्हा गणित केलं. पन्नास. परत केलं. पन्नासच! कनात बरोबर, गणित बरोबर आणि बांबू चुकीचा, हे कसं? खरंच आपलं सगळं विसरून गेलं की काय, अशी भीती वाटली.

तिसऱ्यांदा करताना सत्त्याण्णवपाशी अडले. साईनचं कोष्टक नव्वदलाच संपतं, म्हणून मी सवयीनं त्र्याऐंशी बघितलं होतं. दोघांची साईन एकच. मग त्रेपन्नची साईन तीच एकशे सत्तावीसची! बांबूपाशी तोही कोन चालेल की. भराभर आकडे मांडले. अंतर आलं वीस फुटांच्या आतबाहेर.

मी उठले, कनात बांबूवरून सोडली आणि टोक धरून फूटपाथवरून खांबाकडे चालू लागले. कनात आधी सैल पडली, मग पुन्हा ताणत गेली, आणि खांबापासून वीसेक फुटांवर ताठ झाली.

"म्हणजे पन्नासही बरोबर आणि वीसही?" मनोहरपंत म्हणाले. "मग त्रिकोण एक की दोन?"

"दोन. त्यातला आपला कुठला, ते जागा पाहणाऱ्यानं सांगायचं असतं."

मजूर नवा खड्डा खणू लागले. डॉक्टर आत गेले. हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पण तू चुकलीस की बरोबर होतीस? मला काही उमजेना. चुकली असशील तर परीक्षेचं पुढच्या वर्षी बघू."

मला रागानं रडूच आलं. ज्यांना यातलं काडीचं कळत नाही, त्यांच्या होकाराची मी इतके महिने वाट पाहत बसले होते!

"मी यंदाच बसतेय," मी म्हणाले. "विचारत नाहीये, सांगतेय."

मी कनातीचं टोक ह्यांच्या हातात दिलं आणि डोळे पुसत मोदक वळायला गेले.